सतरा नंबरचा गाभा

मे महिना, केगावची प्रयोगशाळा.
बाहेर त्रेचाळीस, भट्टीत पाचशे पन्नास.
कोनापुरे सर म्हणतात, फरक फार नाही.

लोखंड बहुतेक, थोडं सिलिकॉन, थोडं बोरॉन,
शंभरात तीन नायोबियम, एक तांबं.
वितळलेला रस फिरत्या चाकावर पडला
आणि अणूंना रांगेत उभं राहायलाही उसंत मिळाली नाही.
जिथं होते तिथंच थिजले.
फीत निघाली ती केसाहून पातळ,
किनारीसारखी वळणारी, चकचकीत.
नाव लोखंडाचं, घडण काचेची.

ही फीत मी गुंडाळते. हात आपोआप चालतात,
अशोक चौकातल्या घरी कांड्या भरल्यात मी,
शेकड्याला सव्वा रुपया.
ताण सैल पडला की नायना पाठमोरे असूनही ओळखायचे.
आधी गुंडाळायचं, मग भाजायचं.
भाजल्यावर ही वाकत नाही, मोडते.
पुण्याच्या पाहुण्यांना आकृती काढून सांगावं लागलं.
सोलापुरात नुसतं म्हणायचं, कडक भाकरी.

पुस्तकात या भाजण्याला अनुशीतन म्हणतात.
तासभर, नायट्रोजनच्या संथ धारेत.
आधी तांबं गोळा होतं, चिमूट चिमूट,
त्या चिमटीपाशी लोखंडाचा कण रुजतो,
वाढू लागतो,
आणि नायोबियम आडवं येतं. बास.
दहा नॅनोमीटर. याहून मोठं व्हायचं नाही.

एका कणाला उत्तर हवी, शेजारच्याला नैऋत्य,
तिसऱ्याला सरळ वर.
हट्ट प्रत्येकाचा आहे,
पण कण एवढासा, आणि शेजारी चहूकडून चिकटलेले.
हजारोंचे हट्ट एकमेकांत विरतात,
उरते ती दिशा कुठलीच नसते.
मग बाहेरून कुणी हळूच म्हटलं, इकडे,
तर सगळे इकडे.
तिकडे म्हटलं, तर तिकडे.
हे मला आवडतं की नाही
ते मी अजून ठरवलेलं नाही.

सोळा नंबर वाया गेला.
तापमापकाची तार खोटं बोलली,
भट्टी साठ अंशांनी पुढं गेली आणि कण माजले.
पडद्यावर मंदायनाचा फेरा
पोट सुटल्यासारखा.
सर काही बोलले नाहीत, चहा सांगितला.

सतराचा फेरा इतका अरुंद आला
की जाणारी रेघ आणि येणारी रेघ एकच वाटली.
मी तीनदा मोजलं. मग पिशवीत घालून घरी आणला.

नायना एकतीस वर्षं मागांवर जॉबर.
कान मागांनीच नेले.
पण सांगाड्यावर तळवा ठेवून सांगायचे
कुठली बेअरिंग रडतेय.
त्यांच्यापुढं जुना ट्रान्सफॉर्मर ठेवला, चालू केला.
तळवा टेकताच म्हणाले, पत्ती सैल आहे याची.
मग माझा ठेवला. तार जोडली, दिवा लावला.

तळवा ठेवला.
मग बोटांची टोकं.
मग डोळे मिटून गाल.
"बंद आहे."
मी दिव्याकडं बोट दाखवलं.
दिवा बघितला, दिव्यामागची भिंत बघितली.
"बंद आहे," पुन्हा, मोठ्यानं,
इतकं की शेजारची नर्सुबाई डोकावून गेली.

तेवढ्यात लाइट गेली.
पंखा थांबला, गल्लीतले माग एकामागून एक निवले.
अंधारात हाताला लागला
तो त्यांचा हात, गाभ्यावरच होता.
त्यांच्या तळव्याखाली
काहीच बदललं नव्हतं.